खटका

एवेलिओ काउंटरवर कालचा पेपर पसरतो
आणि त्यावर तीन जोड मांडतो, मासे मांडावेत तसे.
हे रुंद, सपाट, दाताळ : कुठलीही चप्पल चालते, गावातल्या गावात.
हे नुसते खटक्याचे, मुठीएवढेही नाहीत :
बूट अडकला की अडकला. घाटासाठी.
आणि हे, एका अंगाला खटका, एका अंगाला सपाट.
"ज्यांचं ठरत नाही त्यांच्यासाठी,"
म्हणतो, आणि माझ्याकडे मुद्दाम बघत नाही.

माझं ठरत नाही, खरंय.
सोमवार ते शनिवार मी सोगामोसोभर इंजेक्शनं टोचत फिरते.
पुढच्या टोपलीत बर्फाचा डबा, यादीत अकरा दारं,
अकरा वेळा पाय जमिनीला.
रविवारी टोपली काढून खुंटीला लावते
आणि तोता तळ्याच्या चढाला लागते एकटी.
वर हवा विरळ.
खिंडीपलीकडे कांद्याच्या पातीचा वास आधी येतो,
पाणी मग दिसतं.
त्या चढावर पाय नुसता दाबून भागत नाही,
मागून वर ओढावाही लागतो,
विहिरीतून पोहरा ओढावा तसा.

वर्षभर मी खटक्याच्याच पायडलांवर होते.
बुटाच्या तळाला लोखंडी पट्टी,
लोकांच्या फरशीवर टक्, टक्.
उबाल्दिनाबाईंना आता फक्त उजेड-अंधार कळतो.
"आलं माझं खेचर," त्या आतूनच म्हणायच्या
आणि मी पोचेपर्यंत दंड उघडा करून बसलेल्या असायच्या.

मार्चमध्ये चौकात पाय सुटला नाही.
उभी होते ती तशीच आडवी झाले,
सावकाश, सगळ्यांना नीट बघता यावं इतकी सावकाश.
पाववाल्याच्या पोरानं टाळ्या वाजवल्या.
कोपर फुटलं त्याचं काही नाही,
सहा कुप्या फुटल्या.

मग पुतण्याची सपाट पायडलं, कापडी बूट.
मांजरासारखी हिंडले आठवडाभर.
बुधवारी उबाल्दिनाबाई दार उघडेनात.
"कोण आहे?"
"मी. निदिया."
"निदिया वाजते," त्या म्हणाल्या. "तू वाजत नाहीस."
शेजारणीला बोलवावं लागलं
मी मीच आहे हे सांगायला.
आणि रविवारी, चौथ्या वळणावर, ओल्यात
पाय घसरला, पायडल गर्रकन फिरून आलं,
नडगीवर सहा दातांची ओळ अजून आहे.

"तिसरी दे," मी म्हणते.
एवेलिओ पाना घेतो.
"डाव्याचे आटे उलटे असतात,"
हे तो मला दरवेळी सांगतो
आणि मी दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकते,
कारण त्याच्या बायकोला जाऊन दोनच महिने झालेत
आणि दुसरं काय बोलावं ते दोघांनाही सुचत नाही.
तो डावं घट्ट करतो, उलटं फिरवत.
पैशातले थोडे परत करतो. मी थोडे परत ठेवते.

ही पायडलं लबाड आहेत, लगेच कळलं.
जड बाजू खाली लोंबते,
म्हणजे हवी ती कधीच वर नसते.
चढाच्या तोंडाशी सपाट, चौकात खटका.
बुटाच्या टोकानं पालटायचं, खाली न बघता,
झोपलेल्या माणसाला कूस वळवायला लावतो तसं, हलकेच.
पंधरा दिवसांत पायाला जमलं. मला अजून नाही.

सोमवारी कापडी बूट उचलले
आणि परत ठेवले.
लोखंडी पट्टीचेच घातले,
गावभर सपाट अंगावर पाय ठेवून फिरले, खटका न लावता.
पट्टी घसरते जरा. घसरू दे.

सातवं दार. ओटा, उंबरा, मग फरशी.
टक्.
टक्.
आत खुर्ची सरकल्याचा आवाज,
बाही वर करताना बांगडी खाली आल्याचा.